छोट्या कारखानदारांची ऑनलाइन विक्री : नागपुरातून वारंवार येणारे प्रश्न

हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरचे शेडवाले, कामठीकडचे यंत्रमागवाले, इतवारीच्या बोळात मसाला कुटणारे असे बरेच जण मला व्हॉट्सॲपवर विचारत असतात. मी स्वतः वीस वर्षं कूलरच्या बॉड्या बनवल्या, त्यामुळे उदाहरणं जास्त कूलरचीच येतील, सांभाळून घ्या. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, एकसारखे तेवढे एकत्र केले. कराचे दर बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी आपल्या सीएला एक फोन करा.

१. आमचा इंडियामार्टवर नंबर आहे, व्हॉट्सॲपवर ऑर्डर येतात. मग आम्ही ऑनलाइनच झालो ना?

अर्धे झालात. चौकशी इंटरनेटवरून येते, पण भाव फोनवर ठरतो, पैसे कधी यूपीआयने तर कधी माणूस हातात आणून देतो, आणि माल शिल्लक आहे की नाही हे एकट्या मिस्त्रीला माहीत असतं. यात कमीपणा काही नाही. घाऊक विकणाऱ्याला नीट फोटोंचा कॅटलॉग, यूपीआय आणि वाडीच्या ट्रान्सपोर्टची बिल्टी एवढं पुष्कळ दिवस पुरतं. खरा फरक पडतो तो अनोळखी माणूस तुम्हाला एक शब्द न विचारता पैसे भरून मोकळा होतो तेव्हा. खालचे बहुतेक प्रश्न त्या टप्प्याचे आहेत.

२. आमचं कूलरचं काम आहे. सगळे म्हणतात ऑनलाइन टाका. टाकू काय?

कूलर टाकू नका, निदान आधी तरी नाही. लोखंडी पत्र्याचा मोठा डेझर्ट कूलर ही कुरिअरने पाठवायची वस्तूच नाही. कोपरा दबतो, रंग खरवडतो, आणि भाडं मालाच्या निम्म्यावर जातं (प्रश्न ३). नागपूरच्या गल्लीगल्लीत तो बनतो याचं कारण तेच आहे, तो लांब नेणं परवडत नाही.

पण त्याच शेडमध्ये पंप असतो, फ्लोट व्हॉल्व्ह असतो, पंख्याचं पातं असतं, वाळ्याची ताटी असते, हनीकॉम्ब पॅड असतात. कूलर पाच-सात वर्षं चालतो, वाळ्या-गवताचे पॅड मात्र दर उन्हाळ्यात बदलावे लागतात. मापात कापलेली वाळ्याची ताटी पुण्या-मुंबईच्या माणसाला शेजारच्या दुकानात मिळत नाही. ज्या वस्तूसाठी गिऱ्हाईक तुमच्या दुकानात कधीच आलं नसतं, ती आधी टाका. एक वस्तू, फार तर तीन मापं. पहिल्याच दिवशी अख्खा कॅटलॉग चढवणारे पुढच्या महिन्यात पासवर्ड विसरलेले असतात.

पंपासारख्या विजेच्या वस्तूला सरकारचा क्वालिटी कंट्रोल ऑर्डर, म्हणजे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं करणारा हुकूम, लागू आहे का, ते मात्र आधी तपासा. खेळणी बनवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे.

३. माझा माल फक्त दोन किलोचा, कुरिअरवाला साडेपाच किलोचे पैसे लावतो. ही लूट नाही का?

नाही, ते व्हॉल्यूमेट्रिक वजन आहे. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि सहसा ५००० ने भागायचं. येतं ते वजन आणि काट्यावरचं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. ९० बाय ६० बाय ५ सेंटिमीटरची पॅडची चपटी पेटी ५.४ किलो होते, मग आत गवत असो की कापूस. ६० बाय ६० बाय ११० चा कूलर भरतो ७९.२ किलो, काट्यावर तो पंचवीस असला तरी.

म्हणून वस्तूचं डिझाइन ठरवतानाच खोक्याचा विचार करायचा. आमच्या ओळखीतल्या एका स्टँडवाल्याने वेल्डिंग सोडून नट-बोल्टचा घडीचा स्टँड केला. खोकं चपटं झालं आणि भाडं तिसऱ्या हिश्श्यावर आलं. सॉफ्टवेअरवर त्याने एक रुपया घातला नव्हता.

४. ऑनलाइनला भाव काय लावायचा? दुकानाचाच लावला तर चालेल ना?

चालणार नाही. एक हिशेब मांडून दाखवतो. यातले कमिशन आणि भाड्याचे आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्या प्लॅटफॉर्मचे (म्हणजे ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या मार्केटप्लेसचे) घालून बघा.

वस्तू ४९९ ला विकली, जीएसटी १८ टक्के. कर वजा जाता तुमचे ४२२.८८. कमिशन १२ टक्के धरलं तर ५९.८८, भाडं ७०. राहिले २९३. पॅकिंगचे १८ गेले, २७५. आता दहातली एक वस्तू परत येते असं धरा. तिचं जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं आणि वाया गेलेलं पॅकिंग मिळून १५८ रुपये, ते उरलेल्या नऊ वस्तूंवर पडतात, म्हणजे प्रत्येकी साडेसतरा. हातात आले साधारण २५७. माल २१० ला पडत असेल तर ४७ रुपये सुटले. दहातल्या तीन परत आल्या तर? तीन वस्तूंचे ४७४ रुपये सातांवर पडतात आणि नफा उडतो.

कमिशन आणि भाड्यावर प्लॅटफॉर्म जो जीएसटी लावतो त्याचं क्रेडिट नियमित नोंदणीवाल्याला मिळतं, म्हणून तो वर धरला नाही. कंपोझिशनवाल्याला (उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या धंदेवाल्याला) ते मिळत नाही, त्याने तोही खर्चात घालावा. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला शक्य असेल तर बंद ठेवा. दारात येऊन नको म्हटलेला माल त्यातच जास्त असतो.

५. जीएसटी नंबर नसताना मार्केटप्लेसवर विकता येतं काय?

१ ऑक्टोबर २०२३ पासून येतं, पण अटी नीट वाचा. पॅनवरची देशभरातली एकूण उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत हवी. महाराष्ट्रात मालासाठी ती ४० लाख आहे. विक्री राज्याच्या आतच हवी, आणि जीएसटी पोर्टलवरून पॅनच्या आधारे एनरोलमेंट नंबर काढावा लागतो. तो नोंदणी क्रमांक नव्हे. त्यावर तुम्ही कर गोळा करू शकत नाही.

नागपूरकराला खरी अडचण नकाशाची आहे. राज्याच्या दुसऱ्या टोकाचं कोल्हापूर चालतं, पण सव्वाशे किलोमीटरवरचं छिंदवाडा चालत नाही. शिवनी, बालाघाट, रायपूर, आदिलाबाद ही आपली जुनी गिऱ्हाइकं, आणि ती सगळी परराज्यातली. करपात्र माल परराज्यात पाठवायचा तर सहसा पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांना मी सरळ नोंदणी घ्यायलाच सांगतो.

६. आम्ही कंपोझिशनमध्ये आहोत. आम्हाला ऑनलाइन बंदी आहे असं ऐकलं.

ते जुनं झालं. त्याच १ ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशनवाल्यालाही मार्केटप्लेसवरून माल विकता येतो, मात्र राज्याच्या आतच. परराज्याचं कारण प्रश्न ५ सारखंच.

७. प्लॅटफॉर्म दर महिन्याला टीसीएस आणि टीडीएस कापतो. हे पैसे गेले का?

गेले नाहीत, अडकलेत. दोन्ही म्हणजे तुमच्या विक्रीच्या पैशांतून आधीच कापून सरकारकडे भरलेला कर. जीएसटीचा टीसीएस १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे, आधी एक टक्का होता. प्लॅटफॉर्मने त्याचं विवरण भरलं की तुमच्या पोर्टलवर ती रक्कम दिसते. तिथे जाऊन ती स्वीकारावी लागते, मग ती कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात, जमा होते आणि कर भरायला वापरता येते. स्वीकारायचं राहिलं म्हणून दोन-दोन वर्षांची रक्कम पडून असलेले लोक मी पाहिलेत.

आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के आहे. तो विवरणपत्रात वळता होतो. व्यक्ती किंवा एकत्र कुटुंबाच्या नावावरचा धंदा असेल, त्या प्लॅटफॉर्मवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल तर तो कापला जात नाही.

८. उद्यम नोंदणीसाठी एकाने अडीच हजार मागितले. द्यावेत का?

एक रुपयाही देऊ नका. १ जुलै २०२० ला सुरू झालेली ही सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी पूर्ण मोफत आहे, आधारवर होते, कागद चढवावे लागत नाहीत. सरकारी वाटतील अशा नावांच्या खासगी साइट शोधात वर येतात, तिथे लोक फसतात. अडलंच तर सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत २.५ कोटी आणि उलाढालीत १० कोटी झाली आहे, म्हणजे आपल्यातले जवळपास सगळे सूक्ष्मच.

९. स्टॉक कधीच जुळत नाही. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर कोणालाच आवडत नाही.

माझंच सांगतो. एका उन्हाळ्यात मी एका मार्केटप्लेसवर एक्झॉस्ट पंखे टाकले, शिल्लक तेवीस लिहिली. शनिवारी मिस्त्रीने त्यातले चौदा इतवारीच्या डीलरला दिले, त्याला वाटलं मला माहीत आहे. रविवारी ऑनलाइन सतरा ऑर्डर पडल्या. आठ रद्द कराव्या लागल्या, दंड लागला, रेटिंग खाली गेलं, आणि ऐन मे महिन्यात माझी लिस्टिंग शोधात दिसेनाशी झाली. मी चिडून महागडं सॉफ्टवेअर घेतलं. पुढच्या महिन्यात तेच झालं, कारण मिस्त्री सॉफ्टवेअरमध्ये लिहीत नव्हता आणि मी त्याला लिही म्हटलंच नव्हतं.

मग रॅकच दोन केले. लाल पट्टीच्या रॅकवरचा माल ऑनलाइनचा, त्याला डीलरसाठी हात लावायचा नाही. मिस्त्रीच्या हातात एक चाळीस पानी वही दिली. काय आलं, काय गेलं, सही. संध्याकाळी माझी मुलगी वहीतला आकडा पोर्टलवर टाकायची. तीन महिने वही चुकली नाही, तेव्हा ती एक्सेलवर नेली, आणि दोन प्लॅटफॉर्म झाल्यावर मग सॉफ्टवेअर. बिलिंगसाठी तुमच्याकडे टॅली असेलच, त्यात साठ्याचे व्हाउचर टाकायला सुरुवात केली तरी पुष्कळ. वहीत जी शिस्त नाही ती संगणकात आपोआप येत नाही. मी सत्तर हजार घालवून शिकलो.

१०. हे सगळं सांभाळायला माणूस कोण? आम्ही दोघे भाऊ आणि चार कामगार.

रोज दीड तास देणारा एक ठरलेला माणूस. सकाळी ऑर्डर आणि लेबलं, संध्याकाळी साठा आणि उत्तरं. घरातली सून किंवा मुलगी हे काम बहुतेक वेळा मालकापेक्षा नेटकं करते, पण मग त्याचा पगार धरा आणि भाव बदलायचा अधिकारही तिलाच द्या. प्रत्येक गोष्ट भाऊजींना विचारून करायची असेल तर ऑर्डर तोवर रद्द झालेली असते.

११. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल आमच्यासारख्यांना जमेल काय? तिथे मोठेच लोक असतात म्हणतात.

नागपुरात बसून जेम न बघणं म्हणजे घरच्या विहिरीकडे पाठ करणं. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल यांची मुख्यालयं इथेच, रेल्वेची दोन मंडळं इथे, अंबाझरीची आयुध निर्माणी इथे. यांना बोल्टपासून कूलरपर्यंत सगळं लागतं.

जेम २०१६ मध्ये सुरू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करण्याचं केंद्राचं धोरण तिथे लागू होतं. तुमचा भाव सर्वात कमी भावाच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर तो कमी भाव मान्य करून तुम्हाला हिस्सा मिळू शकतो. उद्यमवाल्या उत्पादकाला बयाणा रकमेतून सूट असते. हा फायदा उत्पादकाला आहे, दुसऱ्याचा माल विकणाऱ्याला नाही, त्यामुळे उद्यम प्रमाणपत्रावर काम 'ट्रेडिंग' लिहिलं गेलं असेल तर आधी ते दुरुस्त करा.

दोन धोके आहेत. वस्तूची वैशिष्ट्यं साच्यात भरायची असतात. पत्र्याचा गेज चुकीचा भरला तर माल तपासणीत परत येतो आणि त्याचा खर्च तुमचा. आणि माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र निघाल्यावर दहा दिवसांत पैसे असा नियम असला तरी ते प्रमाणपत्र वेळेत निघावं म्हणून फोन तुम्हालाच करावे लागतात.

१२. ऑनलाइन चौकशीतून आलेल्या कंपनीने माल घेतला, पैसे देत नाही. काही करता येतं का?

येतं, माल देण्याच्या आधी उद्यम नोंदणी असेल तर. लेखी करार नसेल तर १५ दिवस, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, अशी मुदत २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. शिवाय सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत आणि मार्चअखेरपर्यंतही दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, याला बाजारात सगळे '४३बी-एच' म्हणतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एवढी आठवण करणारं नम्र पत्र पाठवा. तक्रारीपेक्षा त्या पत्राने जास्त पैसे सुटलेले मी पाहिलेत. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

मार्केटप्लेसने थकवलेल्या रकमेला हे तसंच्या तसं लागू होत नाही. तिथे तुमचा खरेदीदार तो नसतो.

१३. आम्ही संत्रा बर्फी आणि सावजी मसाला बनवतो. आमचे नियम वेगळे आहेत का?

हो, थोडे. बाकीच्या नियमांशिवाय एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी किंवा परवाना, त्याचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर, आणि शाकाहारीचं हिरवं चिन्ह. बाकी लेबल प्रश्न १४ प्रमाणे.

मसाला हा ऑनलाइनसाठी सोन्यासारखा माल आहे. हलका, टिकाऊ, आणि नागपूर सोडून गेलेल्या प्रत्येकाला तो हवा असतो. बर्फीचं तसं नाही. खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हातात पडताना त्याच्या टिकण्याच्या मुदतीतला ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लॅटफॉर्मना सांगितलं. महिनाभर टिकणारी बर्फी मग तीन आठवड्यांच्या आत पोचली पाहिजे, आणि मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तिचं काय होतं ते सांगायला नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारी विका, बाकी वेळ लिस्टिंग बंद ठेवा. बर्फीच्या नावात 'नागपूर संत्रा' वापरत असाल तर तो भौगोलिक मानांकन असलेला शब्द आहे, आतला गर खरंच इथल्या संत्र्याचा असू द्या.

१४. पाकिटावर आणि वेबसाइटवर काय काय लिहायचं?

बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं सर्वसाधारण नाव, निव्वळ वजन किंवा नग, सर्व करांसहित एमआरपी, एककाची किंमत, बनवल्याचा महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. वैधमापनशास्त्राचे २०११ चे नियम हे मागतात. ऑनलाइन पानावरही हेच दिसायला हवं, फक्त बनवल्याचा महिना-वर्ष तिथे नसला तरी चालतो, कारण तो नगागणिक बदलतो. पाकिटावर मात्र तो हवाच.

१५. माल जॉबवर्कवर दुसऱ्याकडून बनवून घेतो, ब्रँड माझा. चालेल?

चालेल. लेबलवर बनवणारा आणि विकणारा दोघांची नावं स्पष्ट लिहा. आणि ब्रँड खरंच तुमचा आहे ना ते पाहा. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज उद्यमवाल्याला एका वर्गासाठी ४५०० रुपयांत होतो, मोठ्या कंपन्यांना ९००० पडतात. नोंदणी नसेल तर जॉबवर्कवालाच तुमच्या नावाने लिस्टिंग चढवेल. झालंय असं.

१६. प्लॅटफॉर्म म्हणतो आमच्या गोदामात माल ठेवा, विक्री वाढेल. ठेवू का?

गोदाम भिवंडीला असेल तर ते जीएसटी नोंदणीत 'अतिरिक्त जागा' म्हणून जोडा, झालं. हैदराबाद किंवा बंगळूरचं असेल तर त्या राज्याची वेगळी नोंदणी आणि वेगळी विवरणपत्रं. आपण स्वतःलाच माल पाठवतोय असं वाटतं, पण कायद्याने तो कर लागणारा पुरवठा आहे. पन्नास हजारांच्या वरचा माल परराज्यात निघाला की ई-वे बिल लागतं. राज्याच्या आत आपल्याकडे ही मर्यादा एक लाख आहे. महिन्याला शंभर नग जाईपर्यंत नागपूरहूनच पाठवा.

१७. परत आलेल्या खोक्यात आमचा पंप नसून कुणाचा तरी जळका पंप होता. आता?

पॅक करताना आणि परत आलेलं खोकं उघडताना, दोन्ही वेळा न थांबवता व्हिडिओ काढा. लेबल, सील आणि वस्तूचा नंबर एकाच चित्रणात दिसला पाहिजे. दाव्याची मुदत फार थोडी असते, म्हणून परत आलेली खोकी शनिवारपर्यंत साठवू नका. पंपाच्या बुडाला कोरून घातलेला बारीक नंबर आमच्या फार कामी आला.

१८. अमेरिकेतून एका बाईंनी चार नागपुरी साड्या मागवल्या. पाठवता येतील?

येतील. डीजीएफटीकडून (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडून) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक काढा, फी ५०० रुपये. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती पुन्हा तपासून कायम करावी लागते, विसरलात तर तो निष्क्रिय होतो. जीएसटीत एलयूटी हे हमीपत्र भरलं की कर न लावता निर्यात होते. छोट्या पार्सलसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, तिथे कस्टमचे कागद ऑनलाइन होतात. पण चार साड्यांसाठी हा खटाटोप कराल की पुढेही पाठवत राहाल, ते आधी ठरवा.

१९. इतवारीचा डीलर म्हणतो, ऑनलाइन विकाल तर माझ्याकडे माल ठेवू नका.

तो चूक नाही. वीस वर्षं त्याने उधारीवर तुमचा सीझन काढलाय. त्याच्याकडचाच नग ऑनलाइन त्याच्यापेक्षा कमी भावात दिसला तर गिऱ्हाईक मोबाइल त्याच्या तोंडापुढे धरतं. मी ऑनलाइनसाठी वेगळं पॅक केलं. दोन पॅड, एक पंप, दोन क्लिप, असा संच. दुकानात सुटे, ऑनलाइन संच, त्यामुळे भावाची तुलनाच होत नाही. आणि नागपूर शहरातल्या पिनकोडची ऑर्डर मी त्याच्याचकडून पोचवतो, मार्जिन त्याचं. प्लॅटफॉर्मवर हे जमत नाही, स्वतःच्या वेबसाइटवर किंवा व्हॉट्सॲप कॅटलॉगवर जमतं. वेबसाइट करावी का, याचं माझ्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं कारण हेच. ओएनडीसी या सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या खुल्या ऑनलाइन बाजाराच्या जाळ्यावरही कुठे पोचवायचं ते क्षेत्र विक्रेत्याला ठरवता येतं, पण कोणत्या विक्रेता ॲपमधून जाता त्यावर सोय अवलंबून आहे.

२०. एप्रिल लागला. आता सुरू केलं तर उशीर झाला काय?

कूलरच्या सीझनसाठी हो. लिस्टिंगला फोटो, मंजुरी, पहिले दहा-पंधरा अभिप्राय लागतात, त्यासाठी डिसेंबरात बसायला हवं. तरी आज एक काम करा. वाळ्याची ताटी एका मापात टाका, शिल्लक दहा लिहा, आणि मिस्त्रीला वही आणून द्या.